सोळा तास चोवीस मिनिटं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की पुढचा विषय काय. तर आजचा विषय ऐकायला एकदम कोरडा वाटेल. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो. हे तर कोणीही फोनवर बघेल, त्यासाठी अख्खा भाग कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण थोडं थांबा. हे फोनवर दिसणारं उत्तर लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. म्हणजे अगदी शब्दशः. आणि माझ्याच उत्तराने माझ्याच घरात काय झालं, ते आज सांगायचं आहे.

आधी माझं काम सांगतो. मी बीटेक केलं आणि पुण्यात एका प्रवासाच्या वेबसाइटसाठी काम करायला लागलो. पहिल्या वर्षी माझ्याकडे आलेलं काम असं होतं: जगातल्या कुठल्याही दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमान प्रवासाचा अंदाजे वेळ दाखवणारी पानं तयार करायची. शहरांची यादी दिली की पानं आपोआप तयार व्हायला हवीत. नवीन पोराला द्यावं असंच काम.

अंतर काढणं अवघड नाही. प्रत्येक शहराचे अक्षांश-रेखांश माहीत असतात. मुंबई साधारण १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. सॅन फ्रान्सिस्को साडेसदतीस अंश उत्तर, १२२ अंश पश्चिम. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरायची. मग हॅव्हरसाइन नावाचं एक सूत्र आहे, त्यात हे आकडे घातले की गोलावरचं सर्वांत कमी अंतर मिळतं. दहा ओळींचा कोड. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को उत्तर येतं सुमारे १३,५०० किलोमीटर.

आता इथे एक गंमत आहे. भिंतीवरच्या नकाशावर बघितलं तर वाटतं की मुंबईहून अमेरिकेला जायचं म्हणजे डावीकडे जायचं, युरोप, मग अटलांटिक, मग अख्खी अमेरिका ओलांडायची. किंवा उजवीकडे, चीन, जपान आणि पॅसिफिक. पण घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. दोरा डावीकडेही जात नाही आणि उजवीकडेही. तो जवळजवळ सरळ उत्तरेला जातो. हिमालय, चीनचा पश्चिम भाग, कझाकस्तानचा भाग, सायबेरिया, मग आर्क्टिक महासागर, आणि तिथून अलास्काकडून खाली. सगळ्यांत वरच्या ठिकाणी तो सुमारे ७७ अंश उत्तरेला पोचतो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं आपला कोड चुकला. दोनदा तपासलं. कोड बरोबर होता. चपट्या नकाशाने माझ्या डोक्यात जे भरवलं होतं ते चूक होतं.

अंतर झालं. आता वेळ. त्यासाठी माझ्या वरिष्ठांनी मला एक सोपा हिशेब दिला. विमानाचा सरासरी वेग ताशी ८५० किलोमीटर धर, अंतराला त्याने भाग, आणि चढायला-उतरायला अर्धा तास जास्तीचा दे. झालं. मी म्हटलं, एवढं सोपं कसं असेल? म्हणून तपासून बघितलं. लंडन ते मुंबई सुमारे ७,२०० किलोमीटर. हिशेबाने नऊ तास. खरंच साधारण नऊ तास लागतात. सिंगापूर ते न्यूयॉर्क, जे जगातल्या सर्वांत लांब थेट विमानप्रवासांपैकी आहे, सुमारे १५,३०० किलोमीटर. हिशेबाने साडेअठरा तास. वेळापत्रकातही तेवढ्याच्या आसपास. मी खूश. टेस्ट पास. पानं लाइव्ह.

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को या पानावर ठळक अक्षरात आलं: १६ तास २४ मिनिटं.

आता घरचं सांगतो. आम्ही सांगलीचे. माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बे एरियात नोकरीला. आई-बाबा दोघेही नोकरी करायचे, त्यामुळे आम्हाला आजीने वाढवलं. त्यातही ताई म्हणजे आजीचं शेपूट. बारावीपर्यंत आजीच्याच खोलीत झोपायची.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आजी गेली. मंगळवारी पहाटे सहाला. मी आदल्या रात्रीच पुण्याहून पोचलो होतो. ताईला फोन मी केला. तिकडे सोमवारची दुपार होती, साडेचार वाजलेले. ती मीटिंगमध्ये होती. फोनवर बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

मग इकडे प्रश्न सुरू झाला. आप्पाकाका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "काय रे, तुझं तर हेच काम आहे ना? ती किती वाजेपर्यंत येईल? त्याप्रमाणे पुढचं ठरवतो."

बघा, आमच्याकडे पद्धत अशी की त्याच दिवशी उरकायचं. कोणासाठी थांबायचं असेल तर दवाखान्याच्या शवागारात व्यवस्था करावी लागते, पाहुण्यांना वेळ कळवावी लागते, गावाकडून माणसं निघायची असतात. त्यामुळे त्यांना एक वेळ हवी होती. आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी मनात बेरीज केली. ताईला आवरून विमानतळावर पोचायला पाच तास. विमान साडेसोळा तास. मुंबईहून सांगलीला गाडीने आठ तास. मी म्हटलं, "उद्या दुपारी बारा-एकपर्यंत येईल."

आप्पाकाका म्हणाले, "मग थांबू या." त्यांनी सगळ्यांना फोन केले. बुधवारी दुपारी एक. मी ताईला मेसेज केला: आम्ही तुझ्यासाठी थांबलोय, लगेच निघालीस तर १६ तासांत मुंबई.

मंडळी, इथे थोडं थांबून त्या १६ तासांत काय काय चूक होतं ते सांगतो. सुरुवात वाऱ्यापासून करू, कारण इंजिनियर म्हणून मला तीच चूक आधी दिसली.

विमान उडतं हवेत, आणि हवा स्वतः हलत असते. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते आणखी जोर धरतात. समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आहे. मागून १०० चा वारा मिळाला तर जमिनीच्या हिशेबाने वेग १०००. १३,५०० किलोमीटर साडेतेरा तासांत. तोच वारा समोरून आला तर वेग ८००, आणि वेळ जवळजवळ सतरा तास. अंतर तेच, विमान तेच, फरक सव्वातीन तासांहून जास्त. माझ्या पानावर मात्र जाताना आणि येताना एकच आकडा होता.

याचं एक छान उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. तो रस्ता १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्या रस्त्यापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटर जास्त. तरीही साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. लांबचा रस्ता घेऊन लवकर पोचलं, कारण वारा पाठीशी होता.

बरेच जण मला सांगतात की हे पृथ्वीच्या फिरण्यामुळे होतं, विमान वर गेलं की पृथ्वी खालून सरकते. तसं नाही हं. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. नाहीतर हेलिकॉप्टर वर जाऊन नुसतं थांबलं असतं आणि खाली पुढचं शहर आलं असतं.

दुसरी गोष्ट, विमान त्या ताणलेल्या दोऱ्यावरून जातंच असं नाही. तिबेटच्या पठारावरून शक्यतो जात नाहीत, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लवकर दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याच्याहून उंच आहे. मग देशांच्या हद्दी. २०२२ मध्ये रशियाने युरोपीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांनाही वळसा पडला. माझ्या सूत्राला फक्त दोन बिंदू माहीत होते. मधल्या सरहद्दी त्याच्या गावीही नव्हत्या.

पण खरं सांगू का, ताईच्या बाबतीत या कशानेच उशीर झाला नाही.

त्या दिवशी मुंबईच्या थेट विमानात सीट नव्हती. दुबईमार्गे रात्रीचं एक तिकीट होतं. ते तिने लगेच काढलं नाही. का, ते मला मंगळवारी दिवसभर कळलं नाही. ती फक्त "बघते, कळवते" एवढंच लिहीत होती. आणि मी इकडे थोडा चिडलोही होतो. आपण सगळे थांबलोय आणि ही बघते काय?

मंगळवारी रात्री साडेनऊला तिचा फोन आला. तिकडे सकाळचे आठ. म्हणाली, "तिकीट झालं, दुपारी तीनचं." मग सांगितलं की तिच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. तिकडे राहून नोकरी करायला अडचण नव्हती, पण एकदा देशाबाहेर पडली की नवीन शिक्का मिळेपर्यंत परत जाता येत नाही. ती मुलाखत कधी मिळेल, किती दिवस लागतील, नोकरी तोवर थांबेल का, काही सांगता येत नव्हतं. ती रात्रभर मॅनेजरशी, वकिलाशी, भाओजींशी बोलत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी थांबलाय ना. मग काय व्हायचं ते होऊ दे. येते मी."

मी लगेच हिशेब मांडला. यावेळी कागदावर. कॅलिफोर्निया हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे. तिकडचे मंगळवारचे दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडे बुधवारचे पहाटेचे साडेचार. दुबईपर्यंत सोळा तास, रात्री साडेआठ. तिथे चार तास थांबणं. पुढे तीन तास, म्हणजे गुरुवारी पहाटे साडेतीनला मुंबई. बाहेर पडायला दीड तास. पुढे द्रुतगती मार्ग, सातारा, कराड, पेठ नाका, सांगली. गुरुवार दुपार. मी सांगितलेल्या वेळेच्या बरोबर एक दिवस नंतर.

मी आप्पाकाकांना सांगितलं. तोपर्यंत मुंबईची माणसं येऊन पोचली होती, विट्याहून, जतहून पाहुणे पहाटे निघणार होते. घरात म्हातारी माणसं दोन दिवस नीट जेवली नव्हती. आप्पाकाका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एक दिवस थांबलो. आता आणखी आईला तिथे ठेवायला नको." बाबांनी मान हलवली. त्यांच्यावर मला राग नाही, तेव्हाही नव्हता. सकाळीच मी त्यांना "दोन दिवस लागतील, कदाचित अडीच" म्हणालो असतो, तर त्यांनी त्याप्रमाणे ठरवलं असतं. थांबले असते किंवा नसते थांबले, पण ठरवलं असतं ते खऱ्या वेळेवर.

रात्री अकराला मी ताईला परत फोन लावला. सांगणं भाग होतं, कारण ती अजून घरीच होती आणि ज्या कारणासाठी निघत होती ते कारण आता उरलं नव्हतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "तू सोळा तास म्हणाला होतास रे." एवढंच. आवाज चढवला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी तरी येते. आईजवळ कोणीतरी पाहिजे."

बुधवारी दुपारी एकला आम्ही कृष्णाकाठी होतो. मी खिशातून फोन काढून तिचं विमान बघितलं. नकाशावर ते आर्क्टिकच्या वर दाखवत होतं, उत्तर ध्रुवाच्या जवळ. सॅन फ्रान्सिस्को ते दुबई ताणलेला दोरा जवळपास ध्रुवावरूनच जातो.

ती गुरुवारी दीडला घरी पोचली. शुक्रवारी रक्षाविसर्जनाला ती होती. आजीच्या खोलीत झोपली. परत जायला तिला सात आठवडे लागले. नोकरी टिकली, तिच्या मॅनेजरची कृपा.

नंतर एकदा रात्री मी तिच्या प्रवासाची बेरीज केली. सवयच आहे. घरातून निघाल्यापासून घरात पोचेपर्यंत साडेछत्तीस तास. त्यात हवेत किती? एकोणीस. उरलेले साडेसतरा तास जमिनीवर. विमानतळावर आधी जाणं, दुबईत थांबणं, इमिग्रेशन, सामान, गाडी, घाट. आणि निघण्याआधीची ती रात्र यात धरलेलीच नाही. आता अंतर बघा. दुबईमार्गे एकूण जवळजवळ १५,००० किलोमीटर. सरळ अंतर १३,५००. म्हणजे अंतर वाढलं साधारण दहा-अकरा टक्के आणि वेळ झाला दुपटीहून जास्त. अंतरावरून वेळ काढता येतो हे माझं गृहीतकच इथे कोलमडतं. सीट कधी मिळते, कुठे किती थांबावं लागतं आणि कागदपत्रं काय आहेत, यावरून वेळ ठरतो. किलोमीटरचा त्यात वाटा कमी.

आणि ती २४ मिनिटं. मला सगळ्यात जास्त ती खुपतात. मी नुसतं "साधारण सोळा-सतरा तास" लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला कळलं असतं की हा अंदाज आहे. २४ मिनिटं लिहिली की वाटतं कोणीतरी मोजून सांगतंय. मोजलं कोणीच नव्हतं. भागाकारातून आलेला अपूर्णांक होता तो. आणि गंमत म्हणजे हे मला माहीत होतं. कोड माझाच होता. तरी घाईच्या वेळी मीही त्या आकड्यावर विश्वास ठेवला.

दिवसकार्य झाल्यावर मी कामावर परत गेलो आणि ती पानं बदलायचा प्रस्ताव मांडला. माझं म्हणणं होतं की तीन गोष्टी वेगळ्या दाखवू. एक, गोलावरचं सरळ अंतर. दोन, विमानाचा वेळापत्रकातला वेळ, जाताना आणि येताना वेगळा. या वेळापत्रकातल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंत. यात धावपट्टीसाठी रांगेत थांबणंही येतं. आणि तीन, घरापासून घरापर्यंत लागू शकणारा वेळ, एक आकडा नाही तर कमीत कमी ते जास्तीत जास्त. सांगितलं गेलं की लोकांना एकच आकडा हवा असतो. खोटं नाही ते. आप्पाकाकांनाही एकच आकडा हवा होता.

शेवटी मधला मार्ग निघाला. मिनिटं गेली. आता तिथे "हवेत सुमारे १६ ते १७ तास" असं येतं आणि खाली एक ओळ येते की थांबे, विमानतळावरचा वेळ आणि पुढचा रस्ता यात धरलेला नाही. मोठा विजय वगैरे काही नाही. एक ओळ आहे. पण ती ओळ मी स्वतः लिहिली आहे.

आता तुमच्यासाठी, विशेषतः ज्यांच्या घरातलं कोणी लांब आहे त्यांच्यासाठी. फोनवर दिसणारा वेळ हा हवेतला वेळ असतो हे लक्षात ठेवा. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे बारीक +१ किंवा +२ लिहिलेलं असतं, ते आधी बघा, कारण तारीख तिथे बदलते. वेळ दोन्हीकडच्या घड्याळात लिहून काढा, तोंडी बेरीज करू नका. आणि अवघड वाटलं तरी एकदा शांतपणे बोलून ठेवा: अचानक यायची वेळ आली तर तुला खरंच किती लागेल? पासपोर्ट, व्हिसा ठीक आहे का? आणि नाही पोचलीस तर आम्ही काय करावं असं तुला वाटतं? आमच्याकडे हे बोलणं आता झालेलं आहे. मागच्या दिवाळीत ताई आली होती तेव्हा आई-बाबांच्या समोर बसून बोललो. आई आधी म्हणाली, "सणाच्या दिवशी काय हे." पण मग तिनेच सांगितलं की माझ्या वेळी कोणी थांबू नका, ताई आली की तिला हवं तेवढं रडू द्या. ताईने तिला चापटी मारली आणि आम्ही चहा प्यायलो.

तर मंडळी, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. वेळ किती, ते कोण निघालंय आणि कशासाठी निघालंय ते विचारून सांगावं लागेल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे अशा प्रवासाची काही आठवण असेल तर जरूर लिहून पाठवा, मी वाचतो सगळं. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि लांबच्या कोणाला तरी आज एक फोन करा.